युरियातला नायट्रोजन

३ जुलै, बुधवार

आज कळलं की माझी आणि त्या उत्कर्षची झुंज लावायचं ठरलं आहे. आमच्या क्लासचे मालक हर्षदभाई तिला 'डेमो' म्हणतात. म्हणोत बापडे.

झालंय असं, की छाणी रोडवरच्या ह्या क्लासमध्ये अकरावीच्या दोन बॅचेस होत्या, एक माझी, एक त्याची. आता दोन्ही एकत्र करणार आणि रसायनशास्त्राला फळ्यापाशी एकच शिक्षक राहणार. पुढच्या शनिवारी दोघांनी एकाच हॉलमध्ये, एकामागून एक, तोच विषय शिकवायचा. मग हर्षदभाई म्हणणार, "चालो, पोतपोतानी साईड पकडो," आणि पोरं दप्तरं उचलून आपापल्या बाजूला जाऊन बसणार. जिकडे गर्दी, त्याला फळा. उरलेल्याला डाउट-टेबल. हा नियम पोरांनाही तोंडपाठ आहे.

डाउट-टेबल म्हणजे जिन्याखाली एक टेबल, कुरकुरणारा पंखा आणि पाण्याचा कूलर. वर्ग सुटल्यावर ज्यांच्या डोक्यात काही शिरलं नाही त्यांनी तिथे येऊन विचारायचं. देवळाबाहेर चपला सांभाळणारा बसतो, तसं वर्षभर बसून राहायचं. सबंध शाळेने जिला रसायनशास्त्राच्या चारुलताबाई म्हणून ओळखलं, तिने!

"बेन, खोटुं ना लगाडता," हर्षदभाई म्हणाले. वाईट वाटून घेऊ नका म्हणे. मी म्हटलं, मला कशाला वाईट वाटेल, त्या मुलाला वाटेल.

विषय: साध्या रेणूंमधलं संकरण ओळखणे. म्हणजे हायब्रिडायझेशन. माझ्या हातचा मळ.

५ जुलै, शुक्रवार

उत्कर्षच्या वर्गाबाहेर थोडा वेळ उभी राहिले. मुद्दाम नाही, रिक्षा यायची होती.

हा मुलगा शिकवतो म्हणजे काय करतो ते लिहून ठेवते. मिथेन घेतला. कार्बनकडे एक गोल एस ऑर्बिटल आणि तीन लांबट पी ऑर्बिटल्स, तरी मिथेनमधले चारही बंध अगदी एकसारखे, ते का? ह्या 'का'मध्ये अख्खं रसायनशास्त्र आहे. आणि हा सांगतो सेव-उसळ! एक वाटी उसळ आणि तीन वाट्या तर्री एका पातेल्यात ढवळली आणि चार ताटल्यांत वाढली, तर चारही ताटल्यांची चव एकच. झालं संकरण. पोरं खिदळली. मला भूक लागली होती, म्हणून जास्तच संताप आला.

मग त्याची ती प्रसिद्ध युक्ती. अणूला शेजारी किती ते बोटांवर मोजा, त्याच्याकडे बंधात न अडकलेल्या इलेक्ट्रॉनच्या जोड्या किती त्या मिळवा. बेरीज चार आली तर एसपी-थ्री, तीन आली तर एसपी-टू, दोन आली तर एसपी. "पाण्यातला ऑक्सिजन! दोन शेजारी, दोन जोड्या, चार! पुढे!" आणि सगळा वर्ग बोटं वर करून बसलेला. कोणी मागून विचारलं, "सर, पण असं का?" तर म्हणतो, "ते परीक्षेला येत नाही."

परीक्षेला येत नाही! इतक्या वर्षांत हे वाक्य माझ्या तोंडून कधी निघालं नाही. अणूकडे बघायचं नाही, त्याच्या मनात शिरायचं नाही, वरवरच्या चार गोष्टी मोजायच्या आणि कपाळावर शिक्का मारायचा. अशा माणसाला शिक्षक म्हणत नाहीत. टी-शर्टवर माकडाचं चित्र, दाढी अर्धवट, सारखं काहीतरी चघळणं. मी तर त्याला पहिल्या दिवशीच ओळखलं होतं.

८ जुलै, सोमवार

माझ्या बॅचमधली एक मुलगी वर्ग सुटल्यावर रेंगाळली. मोहना नाव. तेल लावलेल्या दोन वेण्या, सावली गावाहून बसने येणारी, वडील तिकडच्या कारखान्यात, दहावीपर्यंत गुजराती माध्यम. एवढं कळलं की पुढचं मला विचारावं लागत नाही. घोकणारी, घाबरट, पन्नास टक्के.

म्हणाली, "मॅडम, एक पूछू का? कार्बनचं आधी मिक्सिंग होतं की आधी हायड्रोजन येऊन जोडतात?"

म्हटलं, "आधी संकरण, मग बंध. पुस्तकात स्पष्ट आहे."

"पण मग त्याला आधीच कसं कळतं की मला चार शेजारी मिळणार आहेत की तीनच? तीन मिळायचे असले तर तो एसपी-टू होतो ने? त्याला कोण सांगतं?"

काय प्रश्न! अणू म्हणजे काय लग्नघरचा आचारी आहे, आधी पानं मोजून भात टाकायला? मी तिला सांगितलं की नीट वाच म्हणजे असं सुचणार नाही. तिची बस चुकली बहुतेक. जाताना दोनदा मागे वळून फळ्याकडे बघत होती.

आजकालची पोरं विषय सोडून भलतंच विचारतात.

९ जुलै, मंगळवार

सकाळपासून तो आचारी डोक्यातून जात नाही. दोन पुस्तकं काढून पाहिली. दोन्हींत तेच, आधी संकरण मग बंध, आणि कसं कळतं त्यावर अवाक्षर नाही. नसणारच. मूर्ख प्रश्नांची उत्तरं पुस्तकात का असतील?

पण ती मुलगी एका कामाला उपयोगी पडेल.

उत्कर्षची बोटं जिथे हमखास फसतात असा एक रेणू मला माहीत आहे, आणि तो छाणीच्या पोरांच्या चांगल्या ओळखीचा, कारण खताचा कारखाना इथून फार लांब नाही. युरिया! त्यातला नायट्रोजन बोटांनी मोजा. तीन शेजारी, एक मोकळी जोडी, एकूण चार, म्हणजे एसपी-थ्री. साफ चूक. युरियाच्या स्फटिकात तो नायट्रोजन सपाट बसलेला असतो, एसपी-टू. कारण ती जोडी दिसते नायट्रोजनच्या घरची, पण तिचं सगळं लक्ष शेजारच्या कार्बनकडे. ती तिकडे गुंतलेली असते, म्हणून ती इथे धरायचीच नाही. वरवर मोजणाऱ्याला हे जन्मात कळणार नाही.

मोहनाला बोलावून सांगितलं, शनिवारी उत्कर्ष सरांचं शिकवून झालं की उभी राहा आणि विचार, युरियातल्या नायट्रोजनचं संकरण कोणतं. तिला उत्तरही सांगितलं आणि कारणही. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे जोडी बसलीये एकाकडे, पण आहे दुसऱ्याची?" म्हटलं, तसंच समज. "मस्त छे," म्हणाली. मस्त कसलं!

११ जुलै, गुरुवार

घरी तालीम. विद्यार्थी म्हणून आमचे यजमान हिंमतराव, रेल्वेतून निवृत्त झालेले आणि आता नागरवाड्याच्या ह्या फ्लॅटच्या गॅलरीत कायमचे थांबलेले. तरंगफलनापर्यंत पोचले तोवर झोपले.

उठल्यावर म्हणाले, "छान होतं. पण चारू, तू प्रश्न विचारायला थांबतच नाहीस कुठे."

म्हटलं, "समजलं असेल तर प्रश्न कशाला पडतील?"

ते चहा टाकायला गेले.

१३ जुलै, शनिवार

लिहावंसं वाटत नाही. पण सोडलं तर उद्या मीच काहीतरी बरं वाटणारं आठवायला लागेन.

चिठ्ठी काढली, पहिला नंबर उत्कर्षचा आला. ह्याने मंगळ बाजारातून फुगे आणले होते. फुगे! दोन फुगे देठांशी बांधले, ते समोरासमोर झाले. तीन बांधले, सपाट तीन बाजूंना गेले. चार बांधले आणि पोरांमध्ये भिरकावले. वाढदिवस नुसता. मग बोटं, मग सेव-उसळ, मग टाळ्या.

मोहना उभी राहिली. ठरल्याप्रमाणे विचारलं. उत्कर्षने फळ्यावर युरिया काढला, बोटं मोजली, चार झाली. मी पदर सावरला. आता तो एसपी-थ्री म्हणणार आणि मी उठणार, एवढ्यात तो थांबला. डोकं खाजवलं. पोरांकडे वळून म्हणाला, "जुओ, माझी युक्ती इथे पडते. माझ्या हिशोबाने चार येतात, पण उत्तर तीनवालं आहे, हे मला पाठ आहे. का, ते मला नीट समजावता येत नाही. ते मॅडमचं खातं." आणि माझ्यासमोर येऊन खडू पुढे केला.

किती धूर्त मुलगा! पडला तर पडला, वर नम्रतेचं नाटक. पोरांना असली नाटकं फार आवडतात.

मी खडू घेतला आणि खरंच सांगते, असं सुंदर मी कित्येक वर्षांत शिकवलं नव्हतं. ती जोडी, तिचं शेजारी गुंतणं, त्यामुळे नायट्रोजनचं सपाट होणं. हॉल शांत होता. उत्कर्ष मागच्या बाकावर बसून लिहून घेत होता, चोरायलाच. मला वाटलं, जिंकले.

तेव्हा ही मोहना परत उभी राहिली. हे ठरलेलं नव्हतं.

"मॅडम, पण नायट्रोजनला कसं कळतं? आधी एसपी-थ्री होऊन बसला आणि मग कार्बन भेटला तर?"

सगळ्यांच्या माना माझ्याकडे. हर्षदभाई घड्याळ बघत होते. मी म्हटलं, "ते परीक्षेला येत नाही. बस खाली."

पोरं हसली. मोहना बसली. तिचे कान लाल झालेले मला फळ्यापासूनही दिसले. हसली ती तिला हसली असणार, दुसरं कोणाला हसायचं कारण नव्हतं.

"चालो, पोतपोतानी साईड."

माझ्या बाजूला दोन बाकं भरली. दोन. त्यांत पुढच्या बाकावरचे दोघे पंखा जवळ म्हणून बसले होते, नंतर तेही उठले. मी मोहनाकडे बघत होते. ती मधल्या वाटेत दप्तर छातीशी धरून उभी राहिली, माझ्याकडे पाहिलं आणि तिकडे गेली.

मला वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. शंभर पोरं जाऊ देत, ती जायला नको होती. जिला मी स्वतः उत्तर शिकवलं, त्या पोरीने माझ्यासमोरून दप्तर उचलून पलीकडे जावं!

१४ जुलै, रविवार

हिंमतरावांना सगळं सांगितलं. त्यांनी एकच विचारलं, "त्या मुलीला तू काय उत्तर दिलंस?"

सांगितलं.

"हे तर तुझ्या त्या उत्कर्षचं वाक्य ना?"

मी म्हटलं, तुम्हाला संदर्भ माहीत नसतो, उगाच बोलू नका. दुपारी जेवले नाही. संध्याकाळी थालीपीठ केलं तर चिरा पडल्या.

१५ जुलै, सोमवार

हर्षदभाईंना फोन करून सांगितलं की एक तारखेपासून मी येणार नाही. तोपर्यंत टेबलावर बसेन, कारण मी अर्धवट काम टाकून जाणाऱ्यांतली नाही. "जेवी तमारी मरजी, बेन," म्हणाले. थोडं तरी थांबवतील असं वाटलं होतं. असल्या लोकांकडून अपेक्षाच ठेवू नये.

१८ जुलै, गुरुवार

टेबल. पंखा कुरकुरतो. एक मुलगा आला, त्याने बाटली भरून घेतली आणि गेला. एक मुलगी आली, स्वच्छतागृह कुठे म्हणून.

जिन्याखाली शनिवारचे फुगे कोणीतरी टाकून दिलेत. चार फुग्यांचा तो घोस अजून बराच टणक आहे. बसून बसून कंटाळा आला म्हणून उचलला आणि टेबलावर दाबून सपाट करायला लागले, चारही एका पातळीत यावेत म्हणून. येईनात. सोडलं की एक वर उसळायचा आणि बाकीचे तीन खाली पाय पसरून बसायचे, तिपाईसारखे. पुन्हा दाबलं, पुन्हा तेच. एकाला सोडवलं, तर उरलेले तिघे आपले आपण सपाट झाले. त्याला परत बांधला, परत तिपाई.

बराच वेळ तेच करत बसले. त्यांना कोणी सांगितलं होतं, किती जण आहात म्हणून? कोणीच नाही. एकमेकांपासून जेवढं लांब सरकता येईल तेवढे सरकले, आणि तो आकार झाला. एसपी-थ्री हे नाव तर आपण नंतर त्याला चिकटवलेलं. आधी मिसळणं आणि मग जोडणं असं काही नसतंच. अणू आणि शेजारी एकदमच काय ते जमवून घेतात, आणि आपण मागाहून जाऊन म्हणतो, बघा, ह्याने हे केलं.

इतकी वर्षं मी 'आधी संकरण, मग बंध' असंच फळ्यावर लिहीत आले. कोणी विचारलं नाही. कसं विचारतील, बोटं मोजणारी पोरं!

ह्यात त्या उत्कर्षच्या फुग्यांचं काही श्रेय नाही. त्याला स्वतःला हे कळलेलं नसणार.

१९ जुलै, शुक्रवार

उत्कर्ष टेबलापाशी आला. आज टी-शर्टवर माकड नव्हतं, घुबड होतं.

म्हणाला, "मॅडम, तुम्ही जाणार असं ऐकलं. नका ना जाऊ. माझ्या वर्गात चाळीस पोरं बोटं वर करतात, पण चार जण अशी आहेत की 'का' विचारल्याशिवाय पुढे जाऊच देत नाहीत. त्यांना मी कोणाकडे पाठवू?"

म्हणजे बघा! ज्या पोरांचा त्रास होतो ती ह्याला माझ्या गळ्यात मारायची आहेत. मलई त्याची, खरवड माझी.

"मी पण येऊन बसलो तर चालेल का?" असंही वर विचारतो. मी म्हटलं, खुर्ची एकच आहे.

२२ जुलै, सोमवार

मोहना आली.

टेबलासमोर उभी राहिली, दप्तर छातीशी. मी ठरवलं होतं की बोलायचं नाही, पण तोंडातून निघून गेलं, "तू तिकडे का गेलीस?"

"मग काय करू, मॅडम?" ती म्हणाली. "मी तुमच्या साईडला आले असते, तर टेबलवर उत्कर्ष सर बसले असते ने. सर मस्त शिकवतात, पण 'केम', असं का, विचारलं की म्हणतात मॅडमला विचार. आणि वर्गात तुम्हाला विचारलं तर तुम्ही म्हणता, बस खाली. टेबलवर तर मी बसलेलीच असणार. तिथून कुठे बसवणार?"

मी तिच्याकडे नीट बघितलं. तेल लावलेल्या दोन वेण्या, सावलीची बस.

"म्हणजे तू माझ्यासाठी तिकडे गेलीस?"

"हा तर. मला टेबलला तुम्ही पाहिजे होता."

"आणि बाकीचे? तेही त्यासाठीच?"

"ना ना. त्यांना सरच आवडतात," ती म्हणाली. खोटं बोलता येत नाही ह्या मुलीला.

मी उठले. कूलरचं पाणी प्यायले. भयंकर कोमट असतं. परत येऊन बघते तो ती उभीच. म्हटलं, आता बसायला काय निमंत्रण पाठवू? तर म्हणते, खुर्ची एकच आहे. मग वॉचमनची मागून आणली.

बसल्या बसल्या तिने तेच विचारलं. "त्याला कसं कळतं?"

म्हटलं, "कळत नाही त्याला. त्या दिवशी मलाही सांगता आलं नसतं. आता थोडं थोडं येतं."

ती वही उघडायला लागली. म्हटलं, वही नको, बघ नुसती. जिन्याखालचा घोस काढला, पण चारही फुगे पार मऊ पडलेले, मुठीत दाबले तर तसेच पडून राहिले. त्यांच्यावर काही दाखवता येईना. हातांनी दाखवायचा प्रयत्न केला, तर चार बाजूंना दोन हात पुरेनात. मग तिने आपले दोन्ही हात मध्ये घातले. जिन्यावरून उतरणारी पोरं थांबून बघायला लागली. त्यांतला एक हळूच म्हणाला, "मॅडम, हे काय छे?" उत्कर्ष म्हणत होता ती चार पोरं हीच असावीत. सगळीच एकदम वाकली आणि माझा चष्मा पाडला.

तिची बस चुकली. पुढची मिळेपर्यंत मी नाक्यावर थांबले.

हर्षदभाईंना सांगितलं की एक तारखेचं राहू द्या. आणि जिन्याखाली पाच खुर्च्या द्या, चपला ठेवायची जागा नाही ती. "सारु, बेन," म्हणाले. उत्कर्षसाठी सहावी मागावी का, ह्याचा विचार केला. स्टूल पुरेल.

उद्या मंगळ बाजारातून फुगे आणायचे आहेत. चार लागतील, एखादा फुटतो म्हणून सहा घेईन. चांगल्या रबराचे. त्या मुलाने आणलेले अगदीच हलके होते.